बोगनवेलीच्या बोन्सायला फुलं का येत नाहीत? उत्तर कात्रीत आणि कॅलेंडरमध्ये आहे

जानेवारीत रोपवाटिकेतून आणली, तेव्हा तिच्यावर एक पान दिसत नव्हतं, इतकी ती फुललेली होती. उथळ ट्रे, हातभर उंचीचं वाकडंतिकडं खोड आणि वर गुलाबी ढग. डोंबिवलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये तिची जागा ठरली. मार्चपर्यंत फुलं गळाली. जूनच्या पावसात हिरवे दांडे ग्रिलबाहेर झेपावले. वाळत घातलेल्या कपड्यांत काटे अडकायला लागले, तेव्हा घरच्यांनी कात्री घेऊन झाड पुन्हा गोल केलं. मग दर पंधरा दिवसांनी तेच. पुढचा जानेवारी आला, तेव्हा झाड नीटनेटकं होतं, हिरवंगार होतं आणि त्यावर एकही फूल नव्हतं.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या बाल्कन्यांमध्ये ही गोष्ट थोड्याफार फरकाने घडत असते. दोष कधी खताला दिला जातो, कधी उन्हाला, कधी रोपवाटिकेवाल्याला. खरं कारण बहुतेक वेळा छाटणीच्या वेळेत सापडतं.

फुलझाडाचा बोन्साय करताना एकाच कात्रीकडून दोन कामं करून घ्यायची असतात. झाडाला आकार द्यायचा आणि त्याला फुलूही द्यायचं. ही दोन कामं एकाच महिन्यात होत नाहीत. कोणतं काम कधी करायचं, हे आपल्याकडे पाऊस ठरवतो.

फूल म्हणजे नेमकं काय?

बोगनवेलीचं म्हणून आपण जे गुलाबी, जांभळं, केशरी 'फूल' ओळखतो, ते फूल नसतंच. ती रंगीत पानं असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदं म्हणतात. तीन छदं एकत्र येतात आणि त्यांच्या मधोमध जी बारीक पांढरट नळी दिसते, ते खरं फूल. म्हणूनच बोगनवेलीचा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. पाकळी दोन दिवसांत कोमेजते, पान इतक्या लवकर हार मानत नाही.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६६ ते १७६९ या काळात फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बोगनव्हिल जगप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्साँ याने ब्राझीलमध्ये या झाडाचे नमुने घेतले आणि कप्तानाचं नाव झाडाला लागलं. कॉमर्साँसोबत त्याची सहकारी जान बारे हीसुद्धा होती, पुरुषाच्या वेशात, कारण जहाजावर स्त्रियांना बंदी होती. झाडाला मात्र नाव मिळालं ते कप्तानाचंच.

आता बोन्सायच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बोगनवेलीचा काटा आणि तिचा फुलोरा हे मुळात एकाच अवयवाचे दोन अवतार आहेत. पान जिथे दांड्याला चिकटतं, त्या बेचक्यात एक बारीक कोंब तयार होतो. हा कोंब पुढे काटा होईल की फुलोरा, हे झाडाच्या त्या वेळच्या परिस्थितीवर अवलंबून असतं. नीट पाहिलं तर कधीकधी अर्धवट अवस्थाही दिसते, काट्याच्या टोकाला चुकून आलेलं एखादं रंगीत पान.

झाड जोरात वाढत असेल, पाणी मुबलक असेल, नत्र भरपूर असेल आणि ऊन कमी असेल, तर झाडात जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक जास्त असतं आणि कोंबाचा काटा होतो. वाढ मंदावली, ऊन कडक मिळालं, पाणी बेताचं झालं, दिवस लहान झाले, की तोच कोंब फुलोरा होतो. पावसाळ्यात बोगनवेल लांबलचक, काटेरी आणि बिनफुलांची का असते, याचं उत्तर इथे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दुभाजकावर, माती कमी आणि ऊन जास्त अशा जागी ती का पेटून उठते, याचंही.

कात्री लावली की आत काय होतं?

प्रत्येक फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतो. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली झिरपतं आणि त्यामुळे बाजूचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि कापाच्या खालचे दोन-तीन डोळे फुटतात. एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार. बोन्सायचा भरगच्च, जुन्या वृक्षासारखा माथा असाच तयार होतो.

बोगनवेल फुलते ती या वर्षीच्या नव्या फुटव्यावर. म्हणजे छाटणी हवीच, कारण छाटणीशिवाय नवे फुटवे कमी. पण फुटवा आल्याबरोबर त्यावर रंग येत नाही. कापल्यानंतर डोळा फुटायला दोन-तीन आठवडे लागतात. मग तो कोवळा दांडा लांबून थोडा पक्का व्हायला आणि त्यावर रंग धरायला आणखी महिना ते दीड महिना. सुरुवातीच्या गोष्टीतली पंधरा दिवसांची कात्री नेमकी या मधल्या काळात पडत होती. झाड दर वेळी फुलायच्या तयारीला लागत होतं आणि दर वेळी त्याची तयारी कापली जात होती.

इथे इंटरनेटवरचे व्हिडिओ गोंधळात भर घालतात. जपानमध्ये फुलांच्या बोन्सायसाठी सर्वांत लाडकं झाड म्हणजे सात्सुकी अझेलिया. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतं आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या त्यानंतरच्या काही महिन्यांतच बांधून ठेवतं. त्यामुळे तिथला नियम सोपा असतो, फुलं संपली की लगेच छाटा, नंतर हात लावू नका. उशीर केला तर पुढच्या वर्षीचा बहर कचऱ्यात जातो. जपानी जर्दाळू, ज्याला तिथे उमे म्हणतात, तोही आदल्या वर्षीच्या लाकडावर फुलतो. त्यांचं वेळापत्रक बोगनवेलीला लावलं तर ना आकार नीट येतो ना फुलं. म्हणून कोणत्याही फुलझाडाचा बोन्साय करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे झाड जुन्या फांदीवर फुलतं की नव्या?

बागायतदाराचा 'बहार' आणि बाल्कनीतली कुंडी

पाणी तोडून फुलं आणायची, ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. सांगोला किंवा नाशिककडच्या डाळिंब बागायतदाराला विचारा, तो 'बहार धरणं' म्हणजे काय ते समजावून सांगेल. बागेचं पाणी काही आठवडे बंद करायचं, झाडाला ताण द्यायचा, हलकी छाटणी करायची आणि मग एकदम पाणी आणि खत सोडायचं. झाड फुलांनी उत्तर देतं. कोणत्या महिन्यात ताण तोडला त्यावरून आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार अशी नावं पडली आहेत. लिंबू आणि संत्र्यातही हेच चालतं.

बोगनवेलीच्या बोन्सायला हाच नियम छोट्या प्रमाणात लागू होतो. छाटणीनंतरचे फुटवे बोटभर-वीतभर झाले की पाणी कमी करायचं. पानं किंचित मान टाकतील तेव्हाच पाणी द्यायचं, पण द्यायचं ते ट्रेच्या भोकांतून निथळेपर्यंत. दहा-पंधरा दिवस असं केलं की बेचक्यांत बारीक रंगीत ठिपके दिसायला लागतात. ते दिसले की ताण संपवायचा. कळ्या धरल्यावरही पाणी तोडत राहिलं तर त्या गळतात.

फरक एवढाच की बागेतल्या झाडाची मुळं जमिनीत खोल असतात आणि बोन्सायची मुळं दोन-तीन इंच मातीत. एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेच्या ग्रिलमधला उथळ ट्रे एका दिवसात कोरडा होतो. त्या दिवसांत ताण देण्याचा प्रयोग करू नये, ऊनच तो देत असतं.

खताचंही तसंच. नत्राचं प्रमाण जास्त असलेलं खत टाकलं की पानं तेजदार होतात, दांडे सुसाट सुटतात आणि घरचे खूश होतात. फुलं येत नाहीत. वाढीच्या महिन्यांत कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरते. फुलांच्या तयारीच्या महिन्यांत नत्र हात आखडून द्यावं.

पावसाभोवती बेतलेलं वर्ष

मुंबई-ठाण्यात मान्सून सरासरी ११ जूनला दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आकाश ढगाळ, हवा दमट, माती सतत ओली. बोगनवेलीसारख्या कोरड्या हवेच्या झाडासाठी फुलायला ही सगळ्यात वाईट वेळ, पण वाढायला सगळ्यात चांगली.

म्हणून पावसाळा आकारासाठी वापरायचा. जूनपासून जे दांडे सुटतात, त्यातले कोणते ठेवायचे आणि कोणते मुळापासून काढायचे हे ठरवायचं. जी फांदी जाड व्हायला हवी तिला अजिबात कापायचं नाही, दोन-तीन फूट जाऊ द्यायचं. फांदी जाड होते ती तिच्यावरच्या पानांमुळे. दर आठवड्याला शेंडा खुडलेली फांदी वर्षभरात काडीच राहते. कपडे वाळत घालण्याची दोरी तेवढी दुसरीकडे हलवावी लागते, त्याला इलाज नाही.

याच काळात सगळ्यात जास्त झाडं मरतातही. उथळ ट्रे, कोकोपीटने भरलेली माती, वरून धो-धो पाऊस आणि खाली पाणी साचलेली ताटली. मुळं कुजायला आठवडा पुरतो. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात तो गुण, पावसाळ्यात तोच दोष. इथल्या हवेत माती भुसभुशीत आणि खडबडीत हवी: विटांचे चाळून घेतलेले बारीक तुकडे, जाड रेती, लाल माती आणि थोडं कुजलेलं खत. विटांचा पिठासारखा चुरा मात्र चाळून फेकून द्यावा, तो चिखल होऊन भोकं बुजवतो. मुसळधार पावसाच्या दिवसांत ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवला की पाणी एका कोपऱ्यातून निघून जातं. आणि ताटल्या काढून ठेवाव्यात. झाडासाठी तर आहेच, पण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात हे महापालिकेचे कर्मचारी दर पावसाळ्यात घरोघरी येऊन सांगतच असतात.

पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, की वर्षातली मुख्य छाटणी. पावसाळ्यात मोकाट सोडलेले दांडे आता दोन-तीन डोळे राखून मागे कापायचे. मोठी पानं काढून टाकली तरी चालतात, आतल्या डोळ्यांना ऊन मिळतं. इथून पुढे दिवस लहान होत जातात. जूनमध्ये ठाण्याचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या शेवटी तो अकरा तासांवर येतो. लहान दिवस, कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन, बोगनवेलीला हवं ते सगळं एकदम मिळतं. ऑक्टोबरच्या मध्यावर कापलेलं झाड डिसेंबरमध्ये रंग धरतं.

पहिला बहर ओसरला की वाळलेली फुलं आणि फांद्यांची टोकं हलकेच काढली तर मार्च-एप्रिलमध्ये दुसरा बहर मिळतो.

कुंडी बदलण्याबद्दल मतभेद आहेत. काही जण फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी सरल्यावर बदलतात आणि झाड तीन आठवडे सावलीत ठेवतात. काही जण पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की बदलतात. दोन्ही चालतं. भर जुलैच्या संततधारेत ताजी कापलेली मुळं ओल्या मातीत ठेवणं मात्र टाळावं. दर वर्षी कुंडी बदलण्याची गरज नसते, दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात, हिसका दिला की तुटतात. आणि मुळं थोडी दाटीवाटीत असली की ती जास्त फुलते, असा जाणत्यांचा अनुभव आहे.

आकार: तार कमी, कात्री जास्त

बोन्साय म्हटलं की डोळ्यांसमोर तारेने गुंडाळलेलं झाड येतं. बोगनवेलीत तारेला मर्यादा आहेत. तिची जुनी फांदी वाकत नाही, काडकन मोडते. तार लावायची ती दांडा हिरव्याचा तपकिरी होत असताना, त्या तीन-चार आठवड्यांच्या काळात. अॅल्युमिनियमची मऊ तार, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी, तिरक्या वेढ्यांनी. पावसाळ्यात फांदी इतक्या वेगाने फुगते की तार दोन महिन्यांत सालीत रुतते. तिचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. गणपतीआधी लावलेली तार दिवाळीच्या आत काढायची, असं लक्षात ठेवणं सोपं जातं. काढताना उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी.

आपल्या हवेला जास्त जवळची पद्धत दक्षिण चीनमधली आहे. ग्वांगडाँग प्रांतात, जिथली हवा आपल्यासारखीच उष्ण आणि दमट, तिथे लिंगनान शैली विकसित झाली. तिचं सूत्र आहे, वाढू द्या आणि कापा. फांदी हवी तेवढी जाड होईपर्यंत वाढू द्यायची, मग आखूड कापायची. कापाच्या खालून फुटलेला नवा दांडा वेगळ्या दिशेला जातो. तो जाड झाला की पुन्हा कापायचा. प्रत्येक कापाला एक वळण आणि प्रत्येक टप्प्यावर फांदी आधीपेक्षा बारीक. तारेशिवाय असा निमुळता, नागमोडी आकार मिळतो. वेळ लागतो, पण आपल्याकडे वाढीचा वेग इतका आहे की जपानमध्ये दहा वर्षं लागणारं काम इथे चार-पाच वर्षांत होऊ शकतं.

सुरुवात मात्र वरून करू नये, खालून करावी. बुंध्याभोवतीची वरची माती बोटाने बाजूला करून मुळं कशी पसरली आहेत ते बघायचं. जिथून मुळांचा पसारा आणि बुंध्याचं वळण दोन्ही चांगलं दिसतं, ती झाडाची समोरची बाजू. मग उंचीच्या साधारण एक-तृतीयांशावर पहिली मोठी फांदी, तिच्या थोडं वर दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मागे एक, खोली दिसण्यासाठी. सरळ आकाशाकडे जाणारे दांडे, सरळ खाली लोंबणारे, एकमेकांना छेदणारे आणि एकाच जागी झुपक्याने आलेले काढून टाकायचे. एका बैठकीत सगळं उरकायचा मोह होतो. शंका असेल ती फांदी ठेवावी. कापलेली परत चिकटत नाही.

बोगनवेलीचं लाकूड मऊ आणि भुसभुशीत असतं. जाड फांदीचा मोठा काप ती क्वचितच पूर्ण भरून काढते. उघड्या जखमेत पावसाचं पाणी मुरतं, बुरशी येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत खोड आतून पोकळ होतं. म्हणून मोठे काप कोरड्या दिवसांत घ्यावेत, आधी थोडं खुंट राखून, ते वाळल्यावर मग नीट तासून. जखमेवर फळबागेत लावतात ती मोरचूद-चुन्याची पेस्ट लावावी. हातमोजे विसरू नयेत. काट्याचा ओरखडा अनेकांना दोन दिवस चुरचुरतो.

पुनर्विकासाच्या भिंतीवरची वेल

रोपवाटिकेत 'बोन्साय' म्हणून मिळणारी बरीचशी झाडं बोटभर जाडीची, तीन-चार वर्षांची असतात. खरोखर वृद्ध दिसणारा बुंधा हवा असेल तर तो विकत मिळणं कठीण आणि कुंडीत तयार करणं त्याहून कठीण. तो सध्या कुठे आहे? ठाण्यात नौपाड्यात, डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या जुन्या वस्त्यांत, पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींच्या कुंपणांवर. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी फाटकाशी लावलेली बोगनवेल, आज मनगटाहून जाड बुंध्याची. इमारत रिकामी होते, पत्रे लागतात, जेसीबी येतो आणि ती राडारोड्यात जाते.

अशी वेल वाचवता येते. आणि बोन्साय करणाऱ्यांच्या भाषेत बोलायचं तर याहून चांगला कच्चा माल नाही. पण हे काम सोसायटीच्या आणि विकासकाच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि झाड तोडण्याची किंवा हलवण्याची परवानगी महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण देतं. बोगनवेल वेलवर्गातली असली तरी पालिकेच्या उद्यान विभागाला आधी विचारून घेतलेलं बरं. रस्त्याकडेच्या आणि उद्यानांतल्या सार्वजनिक झाडांना तर हातच लावायचा नाही.

काढण्याची पद्धत सांगायला सोपी आहे, करायला घाम काढणारी. वरचा सगळा पसारा कापून फूट-दीड फुटाचा खुंट ठेवायचा. भोवती वर्तुळात खणून जाड मुळं करवतीने स्वच्छ कापायची, बारीक मुळं जमतील तेवढी राखायची. खोल, मोठ्या कुंडीत किंवा भाजीच्या क्रेटमध्ये जाड रेती आणि विटांच्या तुकड्यांत तो खुंट घट्ट बसवायचा. हलला तर नवी कोवळी मुळं तुटतात, म्हणून दोरीने कुंडीला बांधायचा. सावली, दमट हवा आणि संयम.

दोन-तीन आठवड्यांत खुंटावर हिरवे कोंब दिसतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. हे कोंब बुंध्यात साठवलेल्या अन्नावर फुटलेले असतात. खाली मुळं आलीच आहेत याचा तो पुरावा नव्हे. या आनंदात झाड उन्हात नेलं, खत घातलं किंवा हलवून पाहिलं, तर कोंब एका दुपारीत माना टाकतात आणि नंतर परत येत नाहीत. दांडे हात-दीड हात लांब होऊन त्यांच्यावर दुसरी, मोठी पालवी येईपर्यंत काही करायचं नाही. पहिलं वर्ष नुसतं वाढू द्यायचं. दुसऱ्या वर्षी फांद्या निवडायच्या. उथळ ट्रेमध्ये ती तिसऱ्या वर्षानंतर जाते. या सगळ्या काळात फुलं आली तर वरकड, मागायची नाहीत.

दुसरी कोणती झाडं?

बोन्सायमध्ये पानं लहान होतात, फुलं आणि फळं मात्र जवळपास मूळ आकाराचीच राहतात. हे लक्षात न घेता झाड निवडलं तर निराशा होते. तामण, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल, जांभळं आणि देखणं, पण वीतभर झाडावर त्याचं फूल टोपीसारखं दिसतं. गुलमोहराचंही तेच, शिवाय त्याचं पान म्हणजे एक आख्खा पिसारा. ही झाडं दोन-तीन फुटांच्या मोठ्या बोन्सायलाच शोभतात. बोगनवेलीतही बारीक पानांच्या जाती निवडाव्यात. आपल्याकडे जातींना तोटा नाही. बोगनवेलीच्या नव्या जातींची आंतरराष्ट्रीय नोंदणीच दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे.

ज्यांच्या बाल्कनीत ऊन चार तासांहून कमी येतं, त्यांनी बोगनवेलीच्या मागे लागू नये. समोर दुसरी इमारत असलेल्या घरांत ती जगते, फुलत नाही. अशा ठिकाणी कामिनी बरी. पानं बारीक, फूल पांढरं, लहान आणि सुगंधी, शिवाय काटे नाहीत. तीही नव्या फुटव्याच्या टोकाला फुलते, कोरड्या काळानंतर भरपूर पाणी मिळालं की एकदम. भरपूर ऊन असेल तर डाळिंब, ज्याचा बुंधा लवकर पिळदार दिसू लागतो.

'झाडाला खुरटवून ठेवणं हा अत्याचार नाही का?' हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो, बहुधा आजीकडून. वामनवृक्ष उपाशी ठेवून लहान केलेला नसतो. त्याला जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त नियमित पाणी आणि खत मिळतं, लहान ठेवते ती छाटणी, जशी मेंदीच्या कुंपणाची किंवा द्राक्षबागेची होते. उपाशी झाड फुलत नाही आणि फार जगतही नाही. आजीची शंका अगदीच निराधार नाही, कारण दुर्लक्षित, उन्हावाचून ठेवलेले आणि दिवाणखान्याच्या शोभेसाठी आत कोंडलेले बोन्साय पुष्कळ दिसतात. बोगनवेल घरात ठेवायचं झाड नव्हे. पाहुणे येणार म्हणून एक-दोन दिवस आत आणली तर चालेल, नंतर परत ग्रिलमध्ये. आणि ग्रिल नसलेल्या कठड्यावर तर नाहीच, घोडबंदरच्या पंचविसाव्या मजल्यावरचा वारा ट्रेसकट झाड उचलतो.

चांगली झाडं प्रत्यक्ष बघायची असतील तर हिवाळ्यात संधी मिळते. ठाणे महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण 'वृक्षवल्ली' हे झाडा-फुलांचं प्रदर्शन भरवतं, त्यात बोन्सायचाही विभाग असतो. मुंबईत राणीच्या बागेत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचं प्रदर्शन असतं. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये 'बोन्साय नमस्ते' हे मोठं आंतरराष्ट्रीय संमेलन झालं होतं. अशा ठिकाणी फुललेल्या बोगनवेलीसमोर उभं राहिलात तर फुलांच्या आत बघा: प्रत्येक रंगीत झुपका वीतभर नव्या काडीच्या टोकाशी असतो आणि ती काडी एका जुन्या कापातून निघालेली असते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अशी फुललेली झाडं मांडणाऱ्यांनी मागे मोजत तारीख काढलेली असते. शेवटची हलकी छाटणी नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळीचे कंदील उतरल्यावर. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ताण. बेचक्यांत ठिपके दिसले की पुन्हा पाणी. आणि नोव्हेंबरच्या त्या छाटणीनंतर कात्री थेट फेब्रुवारीपर्यंत खणात.